बडग्या, मारबत आणि उपहासाची मर्यादा
(प्रस्तावना)

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीच्या, तर अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीच्या माणसांकडे सोपवून ते मोकळे झाले. ही वाटणी करताना त्यांची दृष्टी हसणाऱ्याच्या मुद्रेवर खिळलेली होती. दात दिसतात की झाकलेले राहतात, नाकपुड्या फुलतात की नाही, नजर तिरपी होते की सरळ राहते, डोळ्यांत पाणी येते की नाही, याची बारीक नोंद त्यांनी केली. परंतु ज्याला हसले जाते त्याची कैफियत या दप्तरात कोठेही दाखल नाही. नाट्याच्या दृष्टीने ती लागतही नसेल. उपहास हा विषय स्वतंत्रपणे हाती घेणाऱ्याला मात्र ही उणीव प्रथम भरून काढावी लागते, कारण हसणे एकट्याला साधते आणि उपहासाला तीन पक्ष लागतात: करणारा, सोसणारा आणि पाहणारा. हा तिसरा पक्ष नसेल तर उपहास चारचौघांत येतच नाही, मनातल्या मनात कुजून त्याचा द्वेष होतो. आणि दुसरा पक्ष दुबळा असेल, तर तिसऱ्याच्या देखत पहिल्याने केलेला तो निव्वळ छळ ठरतो. ही तीन माणसे कोणत्या नात्याने एकमेकांसमोर उभी आहेत, हे पाहिल्यावाचून उपहास चांगला की वाईट याचा निवाडा करता येत नाही, हे या पुस्तकाचे गृहीतकृत्य आहे.

आपल्या परंपरेने उपहासाला फारशी मानाची जागा दिलेली नाही. समर्थ रामदासांनी टवाळांच्या विनोदाविषयी ओढलेला ताशेरा आजही शाळकरी मुलांना पाठ असतो. मराठीत थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, हेटाळणी, कुचेष्टा, विडंबन अशी शब्दांची चढती कमान आहे खरी, आणि नागपूरच्या बोलीत "मजाक करून राहिला का बे" या एका प्रश्नात तिच्या साऱ्या पायऱ्या मावतात. परंतु या शब्दांपैकी कोणता केव्हा क्षम्य आणि कोणता केव्हा दंडनीय, हे पोथ्यांनी सांगितले नाही. ते सांगितले लोकव्यवहाराने, आणि तेही उपदेशाच्या रूपाने न सांगता वर्षातून एक दिवस रस्त्यावर करून दाखविले. तो दिवस म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. आणि ते गाव म्हणजे नागपूर, जेथे त्या दिवशी मारबतींची आणि बडग्यांची मिरवणूक निघते.

या मिरवणुकीचे मूळ समजून घेण्यासाठी आदल्या संध्याकाळी पोळ्याच्या मैदानावर जावे लागते. खांदमळणी आदल्या दिवशीच उरकलेली असते. शिंगांना रंग, अंगावर झूल आणि नवी वेसण अशा थाटात गावचे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभे राहतात. तोरण तुटून पोळा फुटण्यापूर्वीचा जो थोडा वेळ असतो, त्यात विदर्भातला शेतकरी झडत्या म्हणतो. झडती ही चार-सहा तुकड्यांची यमकबद्ध उक्ती. तिचा आरंभ बैलाच्या कौतुकाने होतो, मध्येच ती वळण घेऊन सावकाराच्या वहीवर, पाटलाच्या ढेरीवर, कापसाच्या भावावर किंवा सरकारच्या एखाद्या हुकमावर जाऊन आदळते, आणि लोक हसून भानावर येण्यापूर्वीच महादेवाच्या गजरात संपते. म्हणणारा बहुधा सालदार असतो. वर्षभर मालकापुढे खाली मान घालून उभा राहणारा हा गडी त्या संध्याकाळी मालकाच्या देखत, मालकाच्याच बैलाची कासरी हाती धरून, मालकाच्या चिक्कूपणावर झडती म्हणतो, आणि त्यानंतर त्याच मालकाच्या दारी बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला जातो. मालकाने हसून बोजारा द्यावयाचा असतो. न हसला तर बोजाऱ्याची रक्कम वाचेल, पण पुढे वर्षभर त्याच्यावर नवी झडती रचली जाईल, हे त्यालाही ठाऊक असते. उपहासाची पहिली मर्यादा येथे दिसते: तो खालून वर जातो, आणि त्याला वेळेची चौकट आहे.

गावातली ही झडती शहरात आली तेव्हा तिला देह मिळाला, आणि त्या देहाचे नाव बडग्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात कोंबलेला पेंढा व चिंध्या, वर तरट किंवा रद्दी कागदाची खळ लावून चिकटवलेली कातडी, कोणाचा तरी टाकून दिलेला सदरा, डांबराने ओढलेल्या मिशा, गळ्यात फुटक्या चपलांची माळ आणि छातीवर फलक, इतक्या सामग्रीत तो उभा राहतो. लहान पोरे गल्लीपुरता हातभर उंचीचा बडग्या करून वर्गणी मागत हिंडतात. मोठी मंडळे मात्र पुरुषभर, कधी त्याहून उंच बडग्या करून हातगाडीवर किंवा ट्रकवर चढवतात. आकार काहीही असो, खरे काम फलकाचे. मूर्तीचा चेहरा कोणाशीही पुरता जुळत नाही, जुळावा अशी अपेक्षाही नसते. महागाई, लाचखाऊ कारकुनी, रस्त्यातील खड्डे, वीजकपात, निवडणुकीतील आश्वासने, देशावर हल्ला करणारा शत्रू, यांपैकी त्या वर्षी लोकांच्या जिवाला काय लागले आहे ते फलक सांगतो. संदलच्या तालावर, गुलालात, इतवारी आणि महालच्या अरुंद रस्त्यांवरून बडग्या जातो तेव्हा दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर उभी राहिलेली माणसे आधी फलक वाचतात आणि मग मूर्तीकडे पाहून हसतात. रोगराई, ईडापीडा, खोकला-पडसे आणि या सर्वांच्या जोडीला फलकावरील संकटही घेऊन जा, अशी आरोळी मारबतीच्या नावाने उठते. अखेरीस वस्तीपासून दूर नेऊन त्याला अग्नी दिला जातो. पुढच्या वर्षी नवा बडग्या, नवा फलक.

या मिरवणुकीत बडग्यांच्या पुढे असतात त्या मारबती, आणि येथे विषय गुंतागुंतीचा होतो. काळी मारबत इतवारीतून निघते. तिची परंपरा १८८१ पासूनची असल्याचे सांगतात. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाज काढतो. तिचा आरंभ १८८५ चा मानला जातो. दोघींची भेट मध्यावर, गर्दीच्या ऐन भरात होते. मारबत ही पूतना आहे, कृष्णाला विष पाजायला आलेली आणि स्वतःच मेलेली राक्षसी, अशी एक समजूत आहे. गावांतून आजही चिंध्यांची वा पळसाच्या डहाळ्यांची मारबत करून पहाटे शिवेबाहेर टाकतात, तीही रोगराईला हद्दपार करण्यासाठीच. नागपुरातील काळ्या मारबतीला मात्र आणखी एक नाव चिकटले. ती म्हणजे बाकाबाई भोसले, इंग्रजांना मिळालेली राणी, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

बाकाबाईंचे चरित्र पाहिले की लोकस्मृती किती काटकसरीने माणसाचे काम तमाम करते हे कळते. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची ही पत्नी. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत गादीवरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, पुढल्या वर्षी त्यांची मसनद गेली, आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने कारभार सुरू झाला तेव्हा राजवाड्यातली वडीलधारी म्हणून बाकाबाई पुढे आल्या. खरी सत्ता रेसिडेन्ट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती होती. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. त्या वेळी वाड्यातील सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी देणारी वृद्ध स्त्री हीच बाकाबाई होती. इंग्रज इतिहासकार के याने ती हकीकत लिहून ठेवली आहे. १८५७ साली मात्र त्यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. टाकळीच्या घोडदळाचा उठाव जूनमध्ये फसला, आणि वाड्यातून त्याला आधार मिळाला नाही. १८५८ साली त्या निवर्तल्या. म्हणजे एका आयुष्यात रेसिडेन्सीशी जुळवून घेणे, तिच्याशी भांडणे, तिच्याकडून लुटले जाणे आणि पुन्हा तिच्या बाजूने उभे राहणे, हे सगळे येऊन गेले. त्यांपैकी शेवटचे तेवढे शिल्लक राहिले आणि मृत्यूनंतर दोन दशकांनी त्याला काळ्या रंगाची मूर्ती मिळाली. १८५७ मधील त्यांच्या वर्तनाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. राज्य जाताना जी माणसे हतबल झाली त्यांचा संताप खरा होता, आणि इंग्रज सरकारची मूर्ती करून जाळण्याची मुभा त्या काळी कोणालाच नव्हती. मृत राणीची मूर्ती जाळण्याला कोणी हरकत घेण्याचा संभव नव्हता. उपहासाला वर चढायला वाट मिळाली नाही की तो जवळच्या आणि निरुत्तर झालेल्या माणसाकडे वळतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

परंतु याच ठिकाणी एक विलक्षण पालट झालेला दिसतो, आणि या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन त्यावर उभे आहे. मारबत दरवर्षी तीच असते. तोच रंग, तेच रूप, तोच मार्ग. पोळ्याच्या आधी काही दिवस ती तयार होऊन बसते, तेव्हा बायका पोराबाळांना घेऊन तिच्या दर्शनाला येतात, हळदीकुंकू वाहतात, नवस बोलतात. जी हाकलून द्यावयाची तिचीच पूजा होते. पिवळी मारबत तर कित्येकांच्या मनात रक्षणकर्ती माताच होऊन बसली आहे. बडग्याला मात्र कोणी नवस बोलल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण बडग्या दरवर्षी बदलतो, मारबत बदलत नाही. ज्या उपहासाचा विषय गोठला, त्याचा एकतर देव होतो किंवा अन्याय होतो. काळ्या मारबतीच्या बाबतीत दोन्ही झाले, मूर्तीला देवत्व आले आणि बाकाबाईंच्या नावाला काळिमा लागला. उपहास म्हणून जिवंत राहिला तो बडग्या, कारण त्याला दरवर्षी नवा अपराधी शोधावा लागतो, म्हणजेच आजूबाजूला पाहावे लागते.

ही गोष्ट नागपूरपुरती नाही हे दाखविण्यासाठी थोडे दूर, स्पेनपर्यंत जाणे उपयोगी ठरते. तेथे थट्टेला 'बुर्ला' म्हणतात, आणि हा शब्द थट्टाही सांगतो व फसवणूकही; कायदा चुकविणे, पहाऱ्याला हुलकावणी देणे यासाठी त्याच कुळातले क्रियापद वापरतात. बैलांच्या झुंजीच्या रिंगणात कठड्याला लागून लाकडी फळीचा एक आडोसा असतो, जिच्यामागे सटकून झुंजणारा माणूस बैलाच्या शिंगांतून वाचतो. त्या फळीचे नाव 'बुर्लादेरो'. आपण ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतो त्या प्राण्याला तेथे फळीआडून चकवतात, हा भेद क्षणभर बाजूला ठेवला, तरी थट्टेखोराच्या मनोवृत्तीचे एक मर्म त्या फळीत सापडते: टवाळाला नेहमी आडोसा हवा असतो. बडग्याच्या मिरवणुकीत तो मिळत नाही. मंडळाचे नाव फलकावर असते, मंडळी बडग्यासोबत चालत असतात, आणि ज्या अधिकाऱ्यावर तो बेतला त्याच्या कचेरीत सोमवारी त्यांनाच अर्ज घेऊन जावयाचे असते.

स्पॅनिश साहित्याने बुर्लाची दोन्ही टोके पाहिली आहेत. सतराव्या शतकातील, तिर्सो दे मोलिना याच्या नावावर असलेल्या सेव्हिलच्या ठकाच्या नाटकात दोन हुआन हा नायक स्त्रियांना फसवीत हिंडतो आणि अखेर आपणच मारलेल्या एका सरदाराच्या दगडी पुतळ्याची थट्टा करून त्याला जेवायचे निमंत्रण देतो. पुतळा येतो आणि त्याला नरकात ओढून नेतो. मृताची थट्टा परत फिरते, हा त्यातला इशारा बाकाबाईंच्या संदर्भात आठवण्याजोगा आहे. दुसरे टोक सर्वांतेसने १६१५ साली 'दोन किहोते'च्या उत्तरार्धात दाखविले. एक ड्यूक आणि त्याची पत्नी निव्वळ करमणुकीसाठी त्या खुळ्या सरदाराची व त्याच्या सांको या अडाणी सेवकाची तऱ्हेतऱ्हेने फजिती करतात. सांकोला एका खोट्या बेटाचा सुभेदार नेमून त्याच्यापुढे फिर्यादी आणतात, आणि तो अडाणी माणूस असे शहाणपणाचे निवाडे देतो की थट्टा करणाऱ्यांनीच थक्क व्हावे. इतका खटाटोप करून दोन वेड्यांची थट्टा करणारे हे श्रीमंत त्या वेड्यांहून फारसे शहाणे नव्हेत, असा शेराही लेखक कथेच्या ओघात मारतो. वरून खाली येणारा उपहास करणाऱ्यालाच उघडा पाडतो, हे त्याने कित्येक पानांत सिद्ध केले. सालदाराची झडती ते उलट बाजूने चार तुकड्यांत सांगते.

बडग्याचा सख्खा भाऊ मात्र पुस्तकात नाही, तो व्हॅलेन्सिया शहराच्या चौकांत आहे. तेथे दर मार्च महिन्यात 'फायास' नावाचा उत्सव होतो. लाकूड, कागद आणि रंग यांच्या प्रचंड उपहासमूर्ती चौकाचौकांत उभ्या राहतात, पुढाऱ्यांची, धनिकांची, प्रचलित फॅशनची टर उडवितात, आणि १९ मार्चच्या रात्री, सुतारांचा संत जोसेफ याच्या दिवशी, सगळ्या जाळल्या जातात. १९३४ पासून मात्र लोकांच्या मतदानाने दरवर्षी एका मूर्तीला अग्नीतून माफी मिळते आणि ती संग्रहालयात जाते. २०१६ साली युनेस्कोने या उत्सवाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. दोन शहरांमध्ये कसलाही संबंध नसताना दोघांनी उपहासाला एकच दिवस, एकच मैदान आणि एकच शेवट द्यावा, यात अनुकरण नाही. राग साठू देऊ नये, पण घरादाराला आगही लागू देऊ नये, या समाजाच्या सर्वत्र सारख्या गरजेचा तो परिणाम आहे.

छापील उपहासालाही ही कसोटी लागू पडते, आणि नागपूरला त्याचाही अभिमान बाळगण्याचे कारण आहे. मराठी विनोदाचे आद्य प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली याच नागपुरात झाला. 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना त्यांनी ज्या रूढींची खिल्ली उडविली, त्या रूढींचे कैवारी म्हणून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांनाच उभे केले. लेखक स्वतः फळीआड न लपता मूर्खांच्या मेळ्यात सामील झाला, आणि त्यामुळे वाचकाला हसता हसता आपणही त्याच मेळ्यात असल्याचे उमगू लागले. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' होऊन तीच वाट चालविली. त्यांचा अखेरचा श्वास १९१९ च्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेर येथे गेला. या गुरुशिष्यांची धार व्यक्तीवर न चालता प्रथेवर चालली, म्हणून ज्यांच्यावर ती चालली त्यांच्या नातवंडांनीही ती आनंदाने वाचली.

एवढ्यावरून उपहासाच्या ज्या अटी हाती येतात त्या अशा: करणाऱ्याने तोंड लपवू नये, ज्याचा उपहास करावयाचा तो करणाऱ्याहून सबळ असावा, किंवा मनुष्य नसून दुर्गुण असावा, विषय गोठू देऊ नये, आणि उपहासाला शेवट असावा. मिरवणुकीतील सर्वच बडगे या अटी पाळतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एखाद्या वर्षी एखाद्या दुबळ्या जमातीकडे वा परक्याकडे बोट दाखविणारा फलक निघतो, गर्दी हसतेही. परंतु तो बडग्याचा दोष आहे, बडग्यापणाचा नव्हे, आणि त्यावर उपाय बंदी घालण्यात नसून पुढच्या वर्षी अधिक नेमका फलक लिहिण्यात आहे. हल्ली टवाळीला बारा महिने मोकळे रान मिळाले आहे; टोपणनावाच्या फळीआडून कोणीही कोणाचीही रेवडी उडवितो, आणि ती कधी जळत नाही, केव्हाही पुन्हा काढून दाखविता येते. ज्याची एकदा फजिती झाली तो तिच्याखालून आयुष्यभर बाहेर येत नाही. अशा काळात एका दिवसाच्या बडग्याकडे मागासलेला प्रकार म्हणून पाहणाऱ्यांनी, अधिक सुसंस्कृत कोण, याचा पुन्हा विचार करावा.

शेवटी एक विनंती. बडग्या जळतो ते योग्यच आहे. त्याला माफी देऊन काचेच्या कपाटात ठेवला तर तोही एक मारबतच होईल. परंतु त्याच्या फलकावरील मजकूर जळण्याचे कारण नाही. गॅझेटियरात पावसाचे आकडे आणि कापसाच्या गाठी मोजलेल्या असतात. त्या त्या वर्षी या शहराला नेमके काय खुपत होते, कोणत्या साहेबाचा राग आला होता, कोणत्या वचनावरून विश्वास उडाला होता, ही नोंद फलकांवाचून अन्यत्र मिळणार नाही. ज्या मंडळांकडे जुन्या वह्या असतील, ज्या घरांत गच्चीवरून काढलेली जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी फलकावरील अक्षरे उतरवून तिथी-वर्षासह जपून ठेवावीत. तसे झाले तर पुढच्या अभ्यासकाला या शहराच्या तक्रारींचे एक सलग दप्तर मिळेल, आणि भरतमुनींच्या दप्तरात जी कैफियत नोंदायची राहून गेली ती निदान नागपुरापुरती तरी दाखल होईल.

नागपूर
भाद्रपद शुद्ध प्रतिपदा